बंद केलंस, मग पुढे?

गेले काही महिने मी एक दीर्घकथा लिहितोय. चार माणसांचं यान, मंगळाच्या वाटेवर निम्म्यात आलेलं, मागच्या टोकाला रिॲक्टर (अणुभट्टी) आणि त्याच्याच विजेवर सगळं चाललेलं, म्हणजे इंजिन, हवा, पाणी, दिवे, रेडिओ सगळंच. एका रात्री (घड्याळातली रात्र, बाहेर तर कायमच काळोख) अलार्म वाजतो, तापमान चढत जातं, इंजिनिअर मुलगी धावत जाते, अगदी शेवटच्या क्षणी रिॲक्टर बंद करते आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. प्रकरण समाप्त. मला ते आवडलं होतं, खूप मन लावून लिहिलं होतं.

मग ते मी एका काकांना वाचायला दिलं. वडिलांचे मित्र, उभं आयुष्य वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये शिफ्ट केलेला माणूस. त्यांनी शांतपणे सगळं वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "बंद केलंस. बरं. मग पुढे?" मी म्हटलं पुढे काय काका, संपलं ना. ते म्हणाले, "अरे संपलं कुठे, तिथून तर सुरू होतं."

त्या एका प्रश्नाने मला दोन महिने कामाला लावलं. मिळेल ते वाचत गेलो आणि आज हे सगळं इथे लिहून काढतोय, कारण यानातल्या रिॲक्टरची आणीबाणी म्हटली की आपल्या डोळ्यासमोर लाल दिवे आणि उलटी मोजणी येते आणि खरा धोका त्याच्या अगदी विरुद्ध स्वभावाचा आहे. तो संथ आहे, चिवट आहे आणि बटण दाबल्यावर जात नाही.

आधी स्फोटाचं बघू. रिॲक्टर म्हणजे अणुबॉम्ब नाही, तो हाताबाहेर गेला तरी शहर बेचिराख करणारा स्फोट त्यातून होत नाही. हे नुसतं कागदावरचं गणित नाही, १९६५ च्या जानेवारीत अमेरिकेने नेवाडाच्या वाळवंटात किवी नावाच्या रॉकेट रिॲक्टरचे कंट्रोल ड्रम (इंधनाच्या गाभ्याभोवतीचे फिरते दंडगोल, ज्यांनी रिॲक्टर चालू-बंद होतो) मुद्दाम बदलून, नेहमीपेक्षा खूप वेगाने फिरवून तो जाणूनबुजून हाताबाहेर घालवला होता, बघायला की सगळ्यात वाईट काय होतं. रिॲक्टर फुटला, तुकडे लांब लांब उडाले, गाभ्याचा काही भाग वाफ होऊन गेला, पण अणुबॉम्ब झाला नाही. आता चार माणसं जवळ असलेल्या यानात तेवढंही जीवघेणंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्यासाठी ड्रम बदलावे लागले होते, नेहमीच्या बिघाडात तसं होत नाही. नेहमीच्या बिघाडात काय होतं, तर कूलंट, म्हणजे गाभा गार ठेवणारा द्रव, गळतं, पंप अडकतो, तापमान चढतं आणि काहीतरी वितळायला लागतं.

आणि बंद करणं? ते खरंच सोपं आहे. अंतराळातल्या बऱ्याच रिॲक्टरच्या डिझाइनमध्ये गाभ्याभोवती दंडगोल असतात, एका बाजूला बेरिलियम, जे न्यूट्रॉन (अणू फोडत राहणारे कण) परत आत फेकतं, आणि दुसऱ्या बाजूला बोरॉन कार्बाइड, जे न्यूट्रॉन गिळतं. दंडगोल फिरवून बेरिलियमची बाजू आत आणली की रिॲक्टर चालतो, बोरॉनची बाजू आत आली की थांबतो. स्प्रिंग अशी लावायची की वीज गेली, वायर तुटली, काहीही झालं तरी ड्रम आपोआप बंदच्या बाजूला फिरेल. सेकंद-दोन सेकंदांचा खेळ. माझ्या कथेतली इंजिनिअर धावत पोचेपर्यंत हे केव्हाच होऊन गेलेलं असणार होतं, म्हणजे माझा सगळा क्लायमॅक्स जी गोष्ट मशीन स्वतः करतं तिच्यावर उभा होता.

आता काकांच्या प्रश्नाचं उत्तर. विखंडन, म्हणजे अणू फुटणं, थांबलं तरी इंधनात जमलेले किरणोत्सारी तुकडे स्वतःहून क्षय पावत राहतात आणि उष्णता देत राहतात, आणि याला कुठलंही बटण नाही. बराच काळ चाललेला रिॲक्टर बंद केला त्या क्षणी साधारण सहा-साडेसहा टक्के उष्णता तशीच असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास, दिवसाने अर्धा टक्का. टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. माझ्या कथेतला रिॲक्टर १० मेगावॉट उष्णतेचा आहे, म्हणजे बंद केल्या केल्या ६५० किलोवॉट, म्हणजे घरात वापरतात तसे २ किलोवॉटचे सव्वातीनशे हीटर एका पिंपाएवढ्या जागेत कोंबून चालू ठेवलेत आणि बंद करायला स्विचच नाही. तासाभराने पाऊणशे हीटर, दुसऱ्या दिवशी पंचवीस. २०११ साली फुकुशिमात हेच झालं, भूकंप झाला तेव्हा चालू असलेले रिॲक्टर व्यवस्थित बंद झाले होते, मग त्सुनामीने डिझेल जनरेटर घालवले आणि ही मागे उरलेली उष्णता काढायला वीजच उरली नाही.

जमिनीवर निदान बाहेर हवा आहे, समुद्र आहे, गाभ्यात पाणी ओतता येतं. यानाच्या भोवती निर्वात पोकळी आहे. थर्मासच्या दोन भिंतींमध्ये जी पोकळी असते आणि जिच्यामुळे आतलं गरम राहतं तीच पोकळी, फक्त सगळीकडे पसरलेली. लोक म्हणतात अंतराळ थंड असतं, मग गार व्हायला कितीसा वेळ, पण उष्णता घेऊन जायला तिथे काही नाहीच ना. एकच वाट उरते, प्रारणाची, म्हणजे गरम वस्तू नुसती चमकून उष्णता फेकते ती. म्हणून अशा यानाची चित्रं बघा, पंखासारखे मोठे मोठे पत्रे दिसतात, ते रेडिएटर. त्याचं गणित मला फार आवडलं. उष्णता तापमानाच्या चौथ्या घाताने फेकली जाते, म्हणजे ८०० केल्विनला (साधारण ५२७ अंश सेल्सिअस) एक चौरस मीटर पत्रा सुमारे २३ किलोवॉट टाकतो आणि तापमान निम्मं करून ४०० केल्विन केलं की तोच पत्रा जेमतेम दीड किलोवॉट. सोळा पटीचा फरक. त्यामुळे रेडिएटर गरम ठेवायचे असतात, जेवढे गरम तेवढे लहान आणि हलके. माझ्या यानाला २ मेगावॉट वीज बनवून उरलेले ८ मेगावॉट फेकायला साडेतीनशे चौरस मीटर लागतात, तेही आदर्श पत्रा धरून.

आणि गुरुत्वाकर्षण नाही! हे मला सुचलंच नव्हतं. जमिनीवर पंप बंद पडला तरी गरम पाणी वर जातं, गार खाली येतं, आपोआप थोडंतरी अभिसरण चालू राहतं आणि काही रिॲक्टर त्या भरवशावर डिझाइन केलेले असतात. यानात वर-खाली नाहीच, गरम द्रव जिथे आहे तिथेच बसून आणखी गरम होतो, उकळला तर बुडबुडा पृष्ठभागाला चिकटून राहतो आणि तो भाग उघडा पडल्यासारखा तापतो. यावर जो उपाय निघाला तो मात्र फार सुंदर आहे. हीट पाइप. १९६३ साली अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत त्याच्यावर काम झालं. बंद नळी, आत थोडासा सोडियम, आतल्या भिंतीला जाळी. गरम टोकाला सोडियमची वाफ होते, गार टोकाला जाऊन ती परत द्रव होते आणि दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसा तो द्रव जाळीतून परत गरम टोकाला येतो. पंप नाही, वीज नाही, हलणारा भाग नाही, गुरुत्वाकर्षण असो नसो. नळी एक फुटली तर तेवढी एकच बाद, शेजारच्या चालूच.

नासाने याच पद्धतीचा क्रस्टी नावाचा छोटा रिॲक्टर नेवाडात बांधला आणि २०१८ च्या मार्चमध्ये सलग २८ तास चालवला. गाभा युरेनियमचा, स्वयंपाकघरातल्या टिश्यू रोलएवढा. ती चाचणी मी जितकी वाचली तितका हरखून गेलो, कारण त्या लोकांनी मुद्दाम बिघाड केले. उष्णता नेणारी यंत्रणा थोडी थोडी बंद केली, हीट पाइप निकामी झाल्यासारखी परिस्थिती आणली, शेवटी तर उष्णता काढणं पूर्णच थांबवलं, आणि रिॲक्टरने काय केलं? तो स्वतःच शांत झाला. गाभा तापला की प्रसरण पावतो, जास्त न्यूट्रॉन निसटून जातात, विखंडन मंदावतं, पॉवर उतरते. कुणी काही दाबलं नाही. आणीबाणी हाताळायचं काम माणसाकडे येण्याआधीच धातूच्या स्वभावात घालून ठेवायचं, मला हे इंजिनिअरिंगमधलं सगळ्यात प्रेमाचं काम वाटतं. कोण कधी तिथे झोपलेलं असेल त्याच्यासाठी आधीच केलेली सोय.

पण माझ्या कथेतलं यान मोठं आहे, १० मेगावॉटचं, तिथे द्रव सोडियम फिरवायला पंप आहेत, म्हणजे पंपाला वीज पाहिजे, म्हणजे रिॲक्टर बंद झाला की रिॲक्टरलाच वाचवायला वीज पाहिजे आणि ती बनवणारा बंद आहे. इथे मला पाणबुड्या आठवल्या, कारण बंद डब्यात, मदतीपासून लांब, अणुभट्टीसोबत राहायचा अनुभव माणसाला तिथेच आहे. ४ जुलै १९६१ ला सोव्हिएत पाणबुडी के-१९ उत्तर अटलांटिकमध्ये असताना कूलंटची गळती झाली. रिॲक्टर बंद झाला पण तापमान चढतच राहिलं आणि गार करायची पर्यायी यंत्रणा बसवलेलीच नव्हती, लांब पल्ल्याचा रेडिओसुद्धा बंद. मग खलाशांनी जहाजावर जे होतं त्यातून पाइप वेल्ड करून पाणी न्यायची नवी लाइन तयार केली, रिॲक्टरच्या कप्प्यात पाळीपाळीने आत जाऊन, रेनकोटसारखे कपडे घालून, ज्यांनी किरणोत्सार अडत नाही. लाइन झाली, तापमान उतरलं, पाणबुडी वाचली. आणि तीन आठवड्यांच्या आत त्यातले आठ जण गेले. मी हे वाचून त्या दिवशी पुढे काही लिहू शकलो नाही. त्या पोरांनी केलं ते शौर्य आहेच, पण एक जास्तीची पाइपलाइन बंदरातच बसवली असती तर त्या शौर्याची वेळच आली नसती, हेही तितकंच खरं आहे आणि ते बोललं पाहिजे.

दुसरी गोष्ट अमेरिकेच्या थ्रेशर पाणबुडीची, १० एप्रिल १९६३, खोल पाण्यातली चाचणी, १२९ माणसं. नौदलाच्या चौकशीत निघालेली शक्यता अशी की पाइप फुटून पाणी आत आलं, विजेची यंत्रणा बिघडली आणि रिॲक्टर आपोआप बंद पडला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे बंद झाल्यावर वाफेची लाइन बंद करायची आणि नेमाने पायऱ्या घेत परत चालू करायचं, त्याला वेळ लागतो, आणि पाणबुडीला त्याच क्षणी वर यायला जोर हवा होता. पुढे नियम बदलले, लवकर परत चालू करायची पद्धत आणली आणि शिल्लक वाफ वापरायची मुभा दिली. मला यातून जे उमगलं ते असं की रिॲक्टरच्या दृष्टीने सुरक्षित आणि माणसांच्या दृष्टीने सुरक्षित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिन चालू असताना, कक्षा बदलण्याच्या ऐन मधल्या मिनिटाला रिॲक्टर स्वतःला वाचवून बंद झाला तर यान भलत्याच वाटेला लागेल. मग हाताने परत चालू करायची परवानगी कुणाला, किती तापमानापर्यंत? हे अलार्म वाजायच्या आधी, निवांत बसून ठरलेलं असलं पाहिजे.

काकांनी आणखी एक गोष्ट सांगितली, मीटरवर विश्वास ठेवायचा पण एकाच मीटरवर नाही. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या अणुवीजकेंद्रात, १९७९ च्या मार्चमध्ये, एक व्हॉल्व्ह उघडा अडकला होता आणि पॅनलवरचा दिवा सांगत होता की तो बंद आहे. दिवा खोटा नव्हता, तो फक्त व्हॉल्व्हला "बंद हो" असा आदेश गेलाय एवढंच दाखवत होता, व्हॉल्व्ह खरंच बंद झालाय का हे नाही. माणसांनी दिव्यावर भरवसा ठेवून आपत्कालीन पाणी कमी केलं. आणि अंतराळाच्या जास्त जवळचं उदाहरण म्हणजे फीबस १ए, १९६५ मधला रॉकेट रिॲक्टर. त्याला गार ठेवणारा द्रव हायड्रोजन चाचणीच्या शेवटी संपला आणि टाकीतल्या पातळीचं मीटर चुकीचं दाखवत होतं, गाभा तापून खराब झाला. म्हणून माझ्या इंजिनिअरच्या हातात आता दोन-तीन वेगळ्या वाटेने येणारे आकडे आहेत. पंप चालू म्हणतोय? मग त्याचा करंट बघ. प्रवाह आहे म्हणतोय? मग आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाइपच्या तापमानातला फरक बघ. तिन्ही जुळले तरच खरं.

अलार्म खोटाही असू शकतो. १४ जानेवारी २०१५ ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर विषारी अमोनियाच्या गळतीचा अलार्म आला, सगळे जण रशियन भागात गेले, मधलं दार लावून घेतलं, आणि नंतर कळलं की गळती नव्हतीच. कुणी म्हणालं नाही की उगाच पळालात. आधी सगळ्यांना सांगायचं, मग सुरक्षित जागी एकत्र यायचं, डोकी मोजायची, मग कामाला लागायचं. मी पहिल्या खर्ड्यात इंजिनिअरला एकटीला मागे धावत पाठवलं होतं. ते चुकीचं होतं, आणि दुसऱ्या कारणानेही चुकीचं होतं.

ते कारण म्हणजे सावली. यानात रिॲक्टरभोवती सगळीकडून किरण अडवणारी शील्ड नसते, वजन परवडत नाही, फक्त माणसांच्या बाजूला एक जाड चकती असते आणि तिच्या मागे शंकूच्या आकाराची सुरक्षित सावली पडते. पोकळीत हवा नसल्यामुळे किरण हवेवरून उडून सावलीत येत नाहीत, म्हणून एवढ्यावर भागतं. पण सावलीबाहेर पाऊल टाकलं की संपलं. रिॲक्टर बंद झाल्यावर न्यूट्रॉनचा मारा जवळजवळ थांबतो, गॅमा किरण मात्र चालूच. तेव्हा हातात पाना घेऊन रिॲक्टरजवळ जाणारा हिरो मी कथेतून काढून टाकला. जे काही करायचं ते चकतीच्या अलीकडून, लांबून.

मग रिॲक्टरच सोडून द्यायचा? मीही विचार केला होता. सोव्हिएत रडार उपग्रहांचे रिॲक्टर काम झाल्यावर वरच्या कक्षेत ढकलायची सोय होती. १९७८ मध्ये कॉसमॉस ९५४ ला ते जमलं नाही आणि त्याचे किरणोत्सारी तुकडे कॅनडाच्या उत्तर भागात बर्फावर पसरले. १९८८ मध्ये कॉसमॉस १९०० शी संपर्क तुटला होता, महिनोन्महिने जगाचा जीव टांगणीला, आणि अगदी शेवटी त्याच्या स्वयंचलित यंत्रणेने रिॲक्टर वर ढकलला. पण ते निर्मनुष्य उपग्रह, पृथ्वीभोवती. मंगळाच्या वाटेवर रिॲक्टर सोडला तर इंजिन गेलं, वीज गेली, थोडे सौर पत्रे आणि बॅटरीवर चार माणसं किती दिवस? तो पर्याय ठेवायचा, पण सगळ्यात शेवटी.

तर आता प्रकरण तीन दिवसांचं झालंय. पहिल्या पानावर ड्रम आपोआप फिरतात. पुढचा तास बॅटरीवर एक पंप, केबिनमधले दिवे मंद, नको ते सगळे ब्रेकर खाली, आणि मुलगी दर पाच मिनिटांनी तापमान वहीत लिहितेय, हाताने, पेनने. आकडा चढतो, चढतो, एका जागी अडखळतो आणि उतरायला लागतो. कुणी टाळ्या वाजवत नाही, दुसरा माणूस वही हातात घेतो आणि तिला झोपायला पाठवतो.

हा नवा खर्डा घेऊन परवा काकांकडे गेलो. त्यांनी तिसऱ्या दिवसापर्यंत वाचलं आणि बोट ठेवलं, "उष्णता उतरत चाललीय, बरोबर? आणि तुझे पत्रे सगळे तसेच उघडे आहेत. सोडियम किती अंशाला गोठतो?"

९८ अंशाला. मी घरी येऊन गणित केलं. तिसऱ्या दिवशी उष्णता उरते साधारण ३० किलोवॉट आणि साडेतीनशे चौरस मीटर पत्रा ती इतक्या सहज फेकून देईल की पाइपांमधला सोडियम शून्याच्याही कितीतरी खाली जाऊन दगड होईल. पहिल्या दिवशी ज्या उष्णतेने जीव खाल्ला तीच आता जपून वापरायची. सोडियम वितळलेला ठेवायचा तर जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीस चौरस मीटरचा एकच पत्रा चालू ठेवता येतो, बाकीच्यांची लाइन एकेक करून बंद करायची, त्यातला सोडियम वेळेत काढून घ्यायचा, कारण गोठलेला सोडियम परत वितळताना फुगतो आणि मधूनच वितळायला लागला, वाट मिळाली नाही, तर पाइप फोडतो. काढून ठेवायच्या टाकीत जागा आहे निम्म्याचीच, तसं मीच कधीतरी दुसऱ्या प्रकरणात लिहून ठेवलंय. म्हणजे काही पत्रे गोठू द्यावे लागणार. कुठले, ते अजून ठरत नाहीये, चौथा आणि सहावा सोडले तर रिॲक्टर परत चालू झाल्यावर पूर्ण पॉवर मिळत नाही, आणि पहिला सोडला तर पंपाजवळची लाइन जाते. वही उघडून बसलोय.